आनंदाबाईच्या वालाची यादी

आंजी (मोठी)
रविवार, १० मे

प्रिय अंकिता,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली. वालाच्या बियाची यादी करताना आईनं नावं सांगण्यात घोळ केला आणि माझ्या प्रोग्रॅमनं तो उघडा पाडला, असं मी लिहिलं होतं. तसं झालेलं नाही. आईनं एकही नाव चुकीच्या जागी सांगितलं नव्हतं. घोळ माझ्या प्रोग्रॅममध्ये होता आणि तो आईनं उघडा पाडला. आणखी एक, गटात बावीस बायका आहेत असंही मी लिहिलं होतं. त्या एकवीस आहेत. आईला मी दोनदा मोजलं होतं. हसू नकोस. पिपरी मेघेच्या आपल्या खोलीला कुलूप लावल्यावर ते लागलं की नाही बघायला मी तीन-तीनदा जिना चढायचे आणि तू खालून ओरडायचीस, "वर्षाली, कुलूप पळून नाही गेलं!" अशी मी. आणि जिथं एकदा बघायला हवं होतं तिथं मात्र बघितलंच नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. दोनदा लावलाही. पण फोनवर तू आधी जेवलीस का विचारतेस, मग माझा आवाज ऐकून धीर द्यायला लागतेस, आणि धीर मिळाला की मी अर्धंच सांगून मोकळी होते. तू पुण्याला नोकरीवर गेल्यापासून आपण पत्रं लिहायची ठरवलं ते बरं झालं. कागदावर मला मध्येच कुणी "जाऊ दे गं" म्हणत नाही. तुला ही हकीकत अर्धी माहीत आहे, पण तीही उलटी, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तू आमच्या घरी आली होतीस तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं काळं मडकं बघितलं असशील. त्यात गाठोडी, गाठोड्यांत पुरचुंड्या आणि पुरचुंड्यांत राख लावून ठेवलेलं बी. आम्ही भाजीपाल्याची माणसं. वांगी, चवळी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बाबा वर्ध्याच्या बाजारात बसतात, पण बी राखणं हे बायकांचं काम. त्यात एक रीत आहे. बी देताना ते कुणाकडून आलं ते सांगायचं, नुसतं 'माझं' म्हणायचं नाही. आई मूठ पुढे करते आणि म्हणते, "हे तानाबाईचं, तानाबाईले आनंदाबाईनं देल्लं, आनंदाबाईनं गिरडच्या माहेराहून आणलं." घेणारी ते सगळं परत म्हणून दाखवते, तेव्हा आई मूठ उघडते. लहानपणी मला वाटायचं सगळ्याच गावांत असंच असतं. तुझ्या आईनं दुकानातून पाकीट आणून वांगी लावली हे तू सांगितलंस तेव्हा मी मनात म्हटलं होतं, मग ती वांगी कुणाची?

यंदा महिला गटानं ठरवलं की मृग लागायच्या आत प्रत्येक जुन्या बियाची ही नावांची माळ समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवून घ्यायची. जुन्या बायका एकेक करून चालल्या आहेत. आनंदाबाईला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा विमलाबाई, म्हणजे गटाच्या अध्यक्ष, म्हणाल्या, "वच्छलाले इचारा, तिच्या तोंडात सारं गाव हाय." सांगायचं काम आईकडे गेलं आणि लिहायचं माझ्याकडे आलं, कारण मी वर्ध्याला कम्प्यूटरवर काम करते. चार संध्याकाळी आई शेंगा सोलत नावं सांगत होती आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन टाइप करत होते. तिनं एकदाही आठवायला वेळ घेतला नाही. उलट मलाच दोनदा म्हणाली, "हळू चालते तुही मशीन."

आता हे तुला ठाऊक आहे, पण तरी लिहिते, कारण पुढे लागेल. एकीनं दोघींना बी दिलं, त्यातल्या एकीनं पुढे सहा जणींना दिलं, असं असलं की ते सरळ यादीत मावत नाही. यादीच्या पोटात यादी ठेवावी लागते आणि तिच्याही पोटात आणखी एक. पायथनच्या प्रोग्रॅममध्ये ते ठेवणं अवघड नाही. अवघड असतं ते वाचणं. छापायला सांगितलं की सगळं एका लांब ओळीत येतं. चौकोनी कंस उघडतात, त्यात आणखी कंस, प्रत्येक नावाला दोन्हीकडे अवतरणचिन्हं, मध्ये स्वल्पविराम, आणि शेवटी पाच-सहा कंस एकमेकांना चिकटून बंद होतात. बाबांनी डोकावून बघितलं आणि म्हणाले, "हे नावं हायेत का काटेरी तारेचं कुंपण? यातून तं ढोरही शिरणार नाई." भिंत रंगवणाऱ्याला हे कसं देणार?

म्हणून मी ते फंक्शन, प्रोग्रॅमचा तो छोटा तुकडा, लिहिलं. एक नाव घ्यायचं, एका ओळीवर छापायचं. त्या नावाच्या पोटात यादी असेल तर एक पायरी उजवीकडे सरकायचं आणि फंक्शननं पुन्हा स्वतःलाच हाक मारून आतल्या नावांचंही तसंच करायचं. किती खोल जायचं ते आधी सांगावं लागत नाही. कंस नाहीत, काही नाही. जिनं दिलं ती डावीकडे, जिला दिलं ती तिच्या खाली जरा आत. पहिली माळ दोडक्याची छापली. एकीकडून एकीला, अशी चारच नावं होती. ती चार नावं पडद्यावर पायऱ्यांनी उतरली आणि मी उठून उभी राहिले. आमच्या घरात माझ्याआधी पाचवीच्या पुढे कुणी गेलं नाही. आई तर शाळेतच गेली नाही. तिच्या तोंडातली माळ माझ्या हातून, कुणालाही वाचता येईल अशी, लिहून झाली होती. काकडीची, चवळीची अशा आणखी पाच माळा झाल्या. सगळ्या सरळ, एकीकडून एकीला. सगळ्या बरोबर आल्या.

वालाची माळ तशी नव्हती. पांढऱ्या दाण्यावर काळा डोळा असलेला हा वाल आनंदाबाईनं दोघींना दिला होता. आधी विमलाबाईला. विमलाबाईनं तो लेकीला, छायाला दिला, आणि छायानं तिच्या सुनेला, मेघाला. मग आनंदाबाईनं तो तानाबाईला दिला. तानाबाईनं माझ्या आईला, आणि आईनं गावातल्या सहा जणींना. मेघा बावीस वर्षांची आहे, माझ्याहून लहान. तानाबाई सत्तरीच्या पुढे. आठ एप्रिलच्या बैठकीत मी उभी राहून कागद वाचला. आनंदाबाई. तिच्या खाली विमलाबाई. तिच्या खाली छाया. तिच्या खाली मेघा. आणि मेघाच्या खाली तानाबाई.

एकदम हशा झाला. मेघानं तोंडावर पदर घेतला. कुणीतरी मागून म्हणालं, "आता तानाबाईले मेघाच्या पाया पडा लागंन." तानाबाई हसली नाही. ती आईकडे वळली. "काय वो वच्छला, मले मेघानं बी देल्लं? हे पोट्टी पाळण्यात होती तवा माह्या मांडवावर वाल लोंबून राह्यला होता!" विमलाबाईंनी मला विचारलं, "बाई, तूनं बरोबर लिहिलं ना?" आणि मी म्हणाले, माझे शब्द मला नीट आठवतात, "आईनं सांगितलं तसंच लिहिलं. कम्प्यूटर मनानं काही घालत नाही." सगळ्या एकवीस, म्हणजे आई सोडून वीस जणी, आईकडे बघायला लागल्या. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "असंन बाई. माह्याच ध्यानात गडबड झाली असंन."

विमलाबाई वाईट नाहीत. त्या समजुतीनंच म्हणाल्या, "वच्छलाचंही आता वय होऊन राह्यलं. जे पक्कं हाय तेवढंच भितीवर लिहू." आणि ठरलं की वालाची माळ मेघापर्यंतच रंगवायची. तानाबाई, आई आणि त्या सहा जणी यांची नावं भिंतीवर येणार नाहीत. तानाबाई चपला घालून निघून गेली. तेव्हापासून ती रोज आमच्या दारावरून जाते, पण आत येत नाही. आधी रोज सकाळी तिचा चहा आमच्याकडेच व्हायचा.

हे सगळं मी तुला मागच्या पत्रात हसत हसत लिहिलं होतं. 'आई एका फांदीत शिरली की परत कुठं यायचं ते विसरते,' असं एक वाक्यही त्यात होतं. लिहिताना ते मला फार जमून आल्यासारखं वाटलं होतं. अंकिता, मूळ यादी उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी उघडली नाही. का उघडली नाही, हे मी गेले दोन आठवडे स्वतःला विचारते आहे आणि उत्तर काही चांगलं नाही. आई शिकलेली नाही, म्हणून चूक तिचीच असणार, हे मी धरूनच चालले होते. दुसऱ्या कुणी माझ्या आईबद्दल असं म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

सव्वीस एप्रिलला, रविवारी, मी घरी होते. वालाचा कागद आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलेला तसाच होता. बाबा बाजारात गेले होते. मी कपडे वाळत घालून आत आले तर आई जमिनीवर वालाचे दाणे मांडत बसली होती. मला वाटलं, निवडते आहे. पण ती एकेक दाणा ठेवत होती आणि पुटपुटत होती. एक दाणा, आनंदाबाई. त्याच्या खाली, दोन बोटं उजवीकडे, विमलाबाई. आणखी दोन बोटं, छाया. आणखी दोन बोटं, मेघा. मग तिचा हात मागे आला, पार विमलाबाईच्या दाण्याच्या रेषेत, आणि तिथं खाली तिनं दाणा ठेवला, तानाबाई. त्याच्या आत दोन बोटं, ती स्वतः. आणि स्वतःच्या आत सहा दाणे, एकाखाली एक, ओळंबा लावल्यासारखे सरळ.

तिला अक्षर येत नाही. पण अंतर दिसतं. बैठकीपासून अठरा दिवस ती दळताना, निवडताना त्या कागदाकडे बघत होती, आणि काय खटकतं ते तिला नेमकं सांगता येत नव्हतं, म्हणून तिनं ते मांडून बघितलं. मला म्हणाली, "हे पाय. तुह्या कागदाच्या पयल्या चार ओळी माह्या दाण्यावानी हायेत. पाचवीपासून सारे आत आतच चालले. कोणी बाहेर येतच नाई. माणूस घरात गेला तं बाहेरही येते ना? इथं काऊन नाई आलं?"

मी उभ्यानंच लॅपटॉप उघडला. मूळ यादी आईनं सांगितली तशीच होती. कंससुद्धा जागच्या जागी. मग मी फंक्शन उघडलं. पायरी मोजायला मी एक आकडा ठेवला होता. आत शिरताना त्यात एक मिळवत होते. बाहेर पडताना एक वजा करायची ओळ मी लिहिलीच नव्हती. दोडक्याच्या माळेत हे कळणं शक्य नव्हतं, कारण तिथं एकीच्या आत एक गेलं की संपलं, परतून दुसरीकडे जायचं नसतं. वालात परतायचं होतं. मेघानं अजून कुणालाच बी दिलेलं नाही, तिची यादी रिकामी आहे, पण माझं फंक्शन त्या रिकाम्या यादीतही एक पायरी आत गेलं आणि तिथंच राहिलं. म्हणून पुढची तानाबाई मेघाच्या खाली पडली. त्यापुढे तर आणखी वाईट. आईनं सहा जणींना स्वतःच्या हातानं दिलेलं बी कागदावर पहिलीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला दिल्यासारखं दिसत होतं. शेवटचं नाव कागदाच्या उजव्या कडेला टेकलं होतं. मी तो कागद छापून आणला, चिकटवला, सगळ्यांसमोर वाचला, आणि मला त्यात काही दिसलं नाही. मी नावं वाचत होते. आई आकार बघत होती.

मी ती एक ओळ घातली. पुन्हा चालवलं. लॅपटॉप आईसमोर जमिनीवर ठेवला. तिनं दाण्यांवर डावं बोट ठेवलं आणि पडद्यावर उजवं, आणि दोन्ही बोटं ओळीओळीनं खाली आणली. शेवटच्या दाण्यापाशी आल्यावर म्हणाली, "हं. आता बाहेर आला." मला वाटलं झालं. पण तिचं झालं नव्हतं. तिनं दाणे गोळा केले आणि नवीन मांडणी केली, खोटीच, कुणाच्याही नावाची नाही. तिसऱ्याच्या पोटात दोन, त्यातल्या पहिल्याच्या पोटात काहीच नाही, दुसऱ्याच्या पोटात चार. "हे लिव. पाहू जमते का त्याले." जमलं. मग तिनं मधलाच एक दाणा उचलून घेतला. मग एकाच्या पोटात एक, एकाच्या पोटात एक, असे अकरा दाणे नेले, पार उंबऱ्यापर्यंत, आणि एकदम अकराव्यावरून पहिल्याच्या रेषेत परत आली. माझ्याकडे बघून हसली. "आता फसंन." नाही फसलं. अशा नऊ मांडण्या झाल्या. आमच्या ऑफिसात प्रोग्रॅम तपासायचं हे काम करणाऱ्याची वेगळी खुर्ची आहे, वेगळं पद आहे, आणि रिकाम्या यादीचा विचार त्याला मी आठवण करून दिल्याशिवाय येत नाही. माझ्या आईला तो पहिल्याच मांडणीत आला. माझा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी पेढे वाटले होते, तू खाल्ले होतेस. पण मला खरं सांगायचं तर इतका अभिमान त्या दिवशी वाटला नव्हता. दिवसभर मी कुणाला तरी सांगायला म्हणून उठत होते आणि परत बसत होते.

कारण आईनंच अडवलं. मी म्हटलं, मी आत्ताच विमलाबाईंकडे जाते, तर ती म्हणाली, "राहू दे. मले कोण काय म्हणते? म्हातारी झाली म्हणतीन. ते तं होऊनच राह्यली." मी ऐकेना, तेव्हा खरं कारण बोलली. आमच्या गल्लीतले कैलासकाका आपल्या लेकीला, सुरभीला, बारावीनंतर वर्ध्याला कम्प्यूटर शिकायला पाठवायला तयार झाले आहेत. आधी तयार नव्हते. माझ्याकडे बघून झाले. त्या बैठकीनंतर तर त्यांनी चौकात सांगितलं होतं की वर्षालीनं आईचीही भीड ठेवली नाही, जे मशीननं दाखवलं तेच बोलली, पोरगी असावी तर अशी. "आता तूच चुकली म्हणून सांगशीन तं तो म्हणन, इतकं शिकूनही असंच असते तं काह्यले पाठवू? त्या पोट्टीचं शिक्षण बुडंन. माह्या नावाचं काय घेऊन बसली?" मी गप्प बसले. खरं सांगते, मला तिचं म्हणणं पटलं म्हणून नाही. माझी सुटका होत होती म्हणून.

त्यानंतर पाच दिवसांनी, एक मेच्या सुट्टीला, शेजारच्या गावची एक बाई वालाचं बी मागायला आली. आईनं मडक्यातून गाठोडं काढलं, गाठोड्यातून पुरचुंडी सोडली, मूठ भरली. बाई ओंजळ पुढे करून थांबली. नावं ऐकायला. आई बोलेना. शेवटी बाईनंच विचारलं, "कोणाचं म्हणू?" आई म्हणाली, "घे बाई. वालाचं बी हाय." आणि मूठ उघडली. बाई जरा वेळ तशीच उभी राहिली, तिला कळेना की झालं की अजून व्हायचं आहे. मग ओंजळ पदरात रिकामी करून गेली. मी दारात उभी होते. आईला मी कधी बिननावाचं बी देताना बघितलं नव्हतं. चाळीस वर्षं जिनं कुणाचं नाव गाळलं नाही, ती आपल्या आठवणीवर विश्वास उरला नाही म्हणून नाही, लोकांचा उरला नाही म्हणून गप्प झाली. आणि तो लोकांचा विश्वास मी एका वाक्यात घालवला होता.

दुसऱ्या दिवशी मी सुरभीला बोलावलं. तिचं शिक्षण बुडणार असेल तर आधी तिलाच कळावं, असं मला वाटलं. फंक्शन दाखवलं, कुठली ओळ नव्हती ते दाखवलं, आईचे दाणे मांडून दाखवले. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे ताई, चुकलं तरी चालते? काढून टाकत नाई?" मी म्हटलं, रोज चुकतं, चूक शोधायचाच तर पगार आहे. ती एवढी हसली. म्हणाली, "मले वाटे तुम्ही चुकतच नसान, आन मी तं गणितात दर वेळेस चुकतो. म्हणून मनातून भेव वाटे जायचं." कैलासकाका काय म्हणतील ते मला माहीत नाही. तेही सुरभीसारखे हसतील असं मी धरून चाललेले नाही. पण ती मात्र म्हणाली, "बाबाले मी पाहून घेतो, तुम्ही काकूचं पाहा."

काल मी आईला सांगितलं की मी बोलणार आहे. ती रागावली नाही. म्हणाली, "तानाबाईच्या घरी आधी जाजो. चारचौघात ऐकण्याच्या आधी तिनं घरात ऐकलं पायजे." हे मला सुचलं नसतं. आज सकाळी जाऊन आले. तानाबाईनं मला उभंच ठेवलं, सगळं ऐकलं, आणि म्हणाली, "तुह्या मायनं सारं आपल्या अंगावर घेतलं, आन तू घेऊ देल्लं." मी म्हटलं, हो. मग तिनं पाणी आणून दिलं. चहा दिला नाही. आमच्याकडे यायचंही ती काही बोलली नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. तू एप्रिलच्या शेवटी कळवलंस की माझं ते पत्र तू ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलंस, सगळ्यांना फार आवडलं, आणि आता तुमच्याकडे कुणाचा प्रोग्रॅम अडकला की 'वर्षालीच्या आईसारखं परत यायचं विसरू नका' असं म्हणतात. तू ते प्रेमानं वाचलंस हे मला माहीत आहे आणि शब्द माझेच होते, म्हणून तुझ्यावर माझा काही राग नाही. पण पुण्यात, जिथं आई कधी जाणार नाही, तिथं तिच्या नावावर माझी चूक चालते आहे. तेव्हा जिथं ते पत्र वाचलंस तिथंच, त्याच माणसांसमोर, हेही वाच. तिचं नाव घेऊन वाच. वच्छला, बंडूजींची बायको, आंजीची. त्या प्रोग्रॅममधली चूक तिनं शोधली आणि त्याच्या नऊ चाचण्या तिनं घेतल्या, एवढं जरूर सांग. माझ्या बाजूचं मी इथं करते. भिंत रंगवायला ताराचंद पेंटर गुरुवारी, एकवीस तारखेला सकाळी येणार आहे, आणि गटाची त्याआधीची शेवटची बैठक आदल्या दिवशी आहे. मी ऑफिसातून रजा घेतली आहे. नवा कागद छापून आणला आहे, तो आईनं दाण्यांवरून दोनदा तपासला. आयत्या वेळी माझे पाय मागे येतात हे तुला ठाऊक आहे, म्हणून दिवस तुझ्याकडे लिहून ठेवते, म्हणजे नंतर तू विचारशील. गटातल्या सगळ्या बायकांसमोर, आईला शेजारी बसवून, चूक माझी होती हे मी उभी राहून सांगणार आहे, बुधवारी, वीस मेला, संध्याकाळी पाच वाजता.

तुझीच,
वर्षाली